चावू नये, बोलू नये

वाक्य तोंडातून निघून गेले तेव्हा गोळी पॅकिंगबाईंच्या जिभेवर पोचलेली होती, त्यांचे ओठ मिटलेले होते आणि त्याच्या अंगठ्याने घड्याळाचे बटण दाबलेले होते. म्हणजे परतीचे दोर दोन्हीकडून कापलेले. "बाई, तुम्ही मुलीकडे राहायला जाऊ नका, माझ्याशी लग्न करा," असे ते वाक्य होते. ते इतक्या साध्या आवाजात निघाले, की कोणीतरी खिडकीबाहेरून बोलले असावे असे त्याला क्षणभर वाटले आणि त्याने खिडकीकडे पाहिलेसुद्धा. खिडकी बंद होती. गोळ्यांच्या चाखणीच्या दिवशी ती बंदच असते, बाहेरचा वास आत येऊन जिभेला फसवू नये म्हणून. खोलीत दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा पेला, बशीत मूठभर पांढऱ्या गोळ्या, आणि भिंतीवर त्यानेच कधी काळी रंगवून घेतलेली पाटी : चावू नये. चोखू नये. मान हलवू नये. बोलू नये. त्याखाली वेगळ्या रंगात मागाहून वाढवलेली एक ओळ होती : हसू नये. ती स्टोअरकीपरच्या कृपेने आली होती. त्याने एकदा ऐन चाखणीत विनोद सांगितला होता आणि अख्खी फेरी वाया गेली होती. पॅकिंगबाई त्या पाटीखाली ताठ बसल्या होत्या आणि पाटीवरची एकही गोष्ट करत नव्हत्या.

तेव्हा आता थांबणे आले. गोळी पूर्ण विरघळली की चाखणाऱ्याने उजवा हात वर करायचा, मग समोरच्याने घड्याळ थांबवायचे, मग बोलायचे. त्याआधी काही नाही. लग्नाची मागणी घालण्याआधी समोरच्या बाईचे तोंड बंद करून ठेवणारा माणूस जगात आपण एकटेच असणार, असे त्याच्या मनात आले आणि त्या धास्तीतही त्याला हसू फुटू लागले. त्याने ते आवरले. पाटी चाखणाऱ्यांसाठी होती, पण लिहवून घेणाऱ्यानेही ती थोडीफार पाळायला हवी. पन्नाशी उलटल्यावर, कामाच्या वेळात, कामाच्या खोलीत, हे असे आपल्या हातून व्हावे! एरवी तो या खुर्चीत बसतही नसे. ज्याने गोळी केली त्याने चाखणाऱ्यासमोर बसायचे नाही, अशी इथली रीत. करणाऱ्याच्या डोळ्यांत आशा दिसली, की भिडस्त माणूस हात लवकर वर करतो. पण घड्याळ धरणारी मुलगी आज तापाने घरी होती आणि दुसरे कोणी मोकळे नव्हते. आता या नाही म्हणाल्या तर? पॅकिंगचा विभाग त्याच्या खोलीखालीच होता. जिना उतरताना काचेतून त्यांची पांढरी टोपी दिसायची, खूप टोप्यांतली एक, पण तिचे टोक नेहमी डावीकडे कललेले. त्या नुसत्या निघून गेल्या असत्या तर फक्त टोपी गेली असती. आता तो बोलून बसल्यावर इतक्या वर्षांचे भांडणही जाणार होते, आणि खरे सांगायचे तर त्या भांडणावरच तो जगत होता.

भांडण गोळ्यांवरून होते. तो करायचा त्या गोळ्या पाण्याशिवाय घ्यायच्या. जिभेवर ठेवली, की बघता बघता विरून जाते. मात्र गोळीतले औषध त्याच्याकडे नव्हते. औषधवाले वेगळे, पलीकडच्या इमारतीतले, मान वर करून चालणारे. औषध असते मोहरीएवढे. ते चिमटीत धरता येत नाही, चवीला कडू जहर असते, आणि उघडे ठेवले तर ओल धरून बसते. त्याला आकार देणारे, गोड करणारे, धरून ठेवणारे आणि वेळ आली की सोडून देणारे बाकी जे काही, ते सगळे याचे. जिभेला थंड लागणारी एक गोडसर पांढरी पूड, पाण्याचा थेंब लागताच फुगून गोळीला आतून फोडणारी दुसरी, साच्याला चिकटू नये म्हणून नखभर तिसरी, आणि वर संत्र्याचा वास. चाखणीच्या गोळीत तर एवढेच असते, औषध नसतेच. कागदोपत्री या सगळ्या गणगोताला निष्क्रिय घटक म्हणतात. कारखान्यात त्याला म्हणत भराव, आणि तोंडावर भरावसाहेब. "औषध म्हणजे नवरदेव, आम्ही आपले वऱ्हाड," असे तो स्वतःच सांगत फिरे. दुसऱ्याने म्हणण्यापेक्षा आपणच म्हटलेले बरे. तरुणपणी एका ठिकाणी त्याचे लग्न जमत आले होते. मुलीच्या मामांनी विचारले, नेमके काय करता? त्याने खरे ते सांगितले, की औषध सोडून गोळीत जे काही असते ते मी घालतो. मामांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे भेसळ?" सगळे हसले, तोही हसला, चहा झाला, आणि त्या घरून पुन्हा निरोप आला नाही. आपण ते फारसे मनावर घेतले नाही असे तो सांगे. पण आयुष्यातही आपण भरावच आहोत, हे मात्र त्याने तेव्हापासून मनावर घेतले होते. पत्त्यांत चौथा गडी कमी पडला की तो, फोटोत कडेला अर्धा कापला गेलेला तो, भाच्यांच्या शाळेत बहिणीला नि मेव्हण्याला जमले नाही की जाणारा मामा तो. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. भरावाला तक्रार करून चालत नाही.

पॅकिंगबाईंना मात्र त्याच्याबद्दल भरपूर तक्रार होती, आणि त्यांनी ती पहिल्या दिवसापासून त्याच्या तोंडावर केली. त्याच्या गोळ्या मऊ. मऊ म्हणजे इतक्या, की पट्टीत भरताना कोपरे उडायचे, खोक्यात हिंदकळून भुगा व्हायचा, आणि म्हाताऱ्या माणसाने मागून अंगठा दाबला की पुढून पीठ बाहेर. बाई तो भुगा ट्रेमध्ये घेऊन जिना चढून यायच्या आणि त्याच्या टेबलावर ठेवायच्या. "घ्या भरावसाहेब, ही तुमची गोळी. चमच्याने घ्यायची की तोंडाला लावायची?" तो म्हणे, "अहो बाई, घट्ट दाबली तर विरघळायची नाही." "आणि घरापर्यंत पोचलीच नाही तर काय विरघळेल, तुमचं कपाळ?" "पाणी आत शिरायला जागा हवी ना गोळीत." "तुम्हाला विरघळायची घाई, मला पोचायची काळजी. आपलं काही जमायचं नाही." हे शेवटचे वाक्य त्या दर वेळी म्हणत आणि दर वेळी पुन्हा येत. त्यांची चप्पल जिन्यावर वाजली की तो उगाच कागद हलवून कामाच्या गर्दीत असल्यासारखे करी. गर्दी कसली, टेबलाशी तो आणि त्याचे कागद. ट्रे परत नेताना एकदा त्या दारात थांबून म्हणाल्या होत्या, "चवीला मात्र छान करता हं." ते वाक्य त्याने कितीतरी दिवस पुरवून पुरवून वापरले होते.

आणि या वेळी त्याने यंत्राचा दाब वाढवला होता. थोडासाच. परवा स्टोअरकीपरने सहज सांगितले, की पॅकिंगबाई महिनाअखेर काम सोडतायत, मुलगी दुसऱ्या शहरात असते, तिने आईला कायमचे बोलावून घेतले आहे. त्यावर तो "अच्छा" म्हणाला आणि थेट यंत्राकडे गेला. जाण्याआधी त्यांच्या हातात एक अख्खी पट्टी ठेवावी, एकही कोपरा न उडालेली, एवढाच विचार होता. तुमचे ऐकले, एवढेच सांगायचे होते. आज आत येऊन बसताना बाईंनी बशीतली गोळी उचलून टेबलावर टकटक वाजवली होती आणि त्याच्याकडे चमकून पाहिले होते. "अरे वा," इतकेच म्हणून त्यांनी ती तोंडात टाकली होती. ते 'अरे वा' ऐकूनच त्याचा तोल गेला असावा. आता तोच वाढवलेला दाब त्यांच्या जिभेवर बसून होता आणि विरघळायचे नाव घेत नव्हता. त्याने हौसेने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडाही स्वतः घडवलेला.

मिटलेल्या ओठांआड काय चालले आहे हे त्याला डोळे मिटूनही सांगता आले असते. आधी थंडावा. ती गोडसर पूड विरघळताना जिभेची ऊब घेते, म्हणून जीभ गार पडते. त्यात काही जादू नाही, पण त्याला ती दर वेळी जादूच वाटे. मग लाळ सगळ्या बारीक वाटांनी आत चढते. मग आतली दुसरी पूड जागी होते, अंग फुगवते, आणि गोळीच्या कडा ढासळू लागतात. मग नुसता संत्र्याचा वास उरतो, आणि मग तोही नाही. आज मात्र वाटा बुजलेल्या होत्या. पाणी दाराशी ताटकळले असणार. तो त्या अंधाऱ्या, उबदार, बंद जागेत मनाने जाऊन उभा राहिला आणि गोळीची विनवणी करू लागला, की बाई गं, सूट आता. मग त्याला वाटले, नको, एवढ्यात नको. नकारच असेल तर जितका उशिरा तितका बरा. इतकी वर्षे सगळ्या जगाच्या गोळ्या लवकर विरघळाव्यात म्हणून झटणाऱ्या माणसाने एकाच श्वासात दोन्ही मागावे, याची त्याला गंमत वाटली. पॅकिंगबाई समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या. आज चाखणी म्हणून त्यांनी केसांना तेल लावले नव्हते, त्यामुळे कानाजवळ काही भुरभुरे केस सुटले होते, आणि कानाची पाळी लाल दिसत होती. उकडत असेल. खिडकी बंद होती ना.

आईचे तोंड असेच मिटलेले असायचे. आईला गोळी गिळता येत नसे, घशाशी काटा उभा राहतो म्हणायची. आजारपणात तिच्या गोळ्या वाढल्या तेव्हा ती शहाण्यासारखी पाणी पिऊन दाखवायची, आणि त्याची पाठ वळली की गालात दडवलेली गोळी काढून खिडकीतल्या कुंडीत पुरायची. त्याला हे कळले ते झाड बघून नव्हे, झाडाला पाणी घालताना. बोटाला एक पांढरा खडा लागला, मग आणखी एक. "आई, हे काय?" तर म्हणाली, "त्याची तब्येत बघ कशी सुधारलीय." डॉक्टरांनी मग जिभेवर विरघळणारी गोळी लिहून दिली, योगायोगाने याच्याच हातची. आईने ती संशयाने जिभेवर ठेवली, डोळे मिटून घेतले, आणि जराशाने उघडले तर गोळी नाही. तिने जीभ बाहेर काढून दाखवली, गालात बोट फिरवले, उशीखालीसुद्धा पाहिले. "अरे, गेली कुठे?" दोघे इतके हसले, की शेजारीण काय झाले बघायला आली. रात्रीच्या गोळीच्या वेळी आई म्हणाली, "ही तू केलीस ना रे?" तो सवयीने म्हणाला, "औषध सोडून सगळं." आई म्हणाली, "मग बाकीचं काय राहिलं? माझ्या घशात अडकायचं ते तर औषधच होतं. विरघळलं ते तुझं." तो स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी पुसत बसला होता. आज सकाळी त्याने आईला पॅकिंगबाई चालल्याचे सांगितले. कडक गोळीवाली बाई म्हणून आई त्यांना न पाहता चांगली ओळखत होती, आणि त्याच्या तोंडून कुंडीची गोष्ट ऐकून त्याही आईला. "मग तू काय करणार?" आईने विचारले. "मी काय करणार? काही नाही." "बरोबर आहे," आई म्हणाली, "काही न करण्यात तुझा हात धरणारं कोणी नाही."

दारावर टकटक झाली. बाहेर पुढची पाळी स्टोअरकीपरची होती. "साहेब, बाई झोपल्या की काय आत?" तो ओरडून म्हणाला. "चालू आहे," याने सांगितले, आणि आपला आवाज इतका चिरका कधीपासून झाला, असे त्याला वाटले. त्याने घड्याळाकडे पाहिले नाही. गोळी नापास झाली होती, हे बघायला घड्याळ कशाला हवे? एखादी दुसरी बाई असती तर तिने कधीच गोळी तोंडातून काढून टाकली असती, निदान डोळ्यांनी काही सांगितले असते. पण या पॅकिंगबाई. मागे एकदा चाखणी चालू असताना धोक्याची घंटा वाजली होती. सगळे धावत जिना उतरून अंगणात गेले, गोंधळ, आरडाओरडा, कोण आले कोण राहिले याची मोजणी. मोजणाऱ्याने पॅकिंगबाईंचे नाव तीनदा पुकारले, त्या समोर उभ्या, पण ओ देईनात. तो घाबरला, यांना भोवळ आली की काय. आणि तेवढ्यात, सगळ्यांच्या मधोमध, त्यांनी शांतपणे उजवा हात वर केला. गोळी विरघळली होती. "आता बोला, काय जळलं?" त्यांनी विचारले. काहीच जळले नव्हते, घंटाच बिघडली होती. त्या दिवशी अंगणातल्या उन्हात, त्या वर गेलेल्या हाताकडे बघताना, त्याला पहिल्यांदा स्पष्ट कळले होते, की या बाईंशिवाय आपल्याला करमणार नाही. ते त्याने कोणाला सांगितले नाही. विरघळणाऱ्या गोळ्या करणारा तो, पण स्वतःच्या पोटातले मात्र इतकी वर्षे तसेच्या तसे, अख्खे.

म्हणजे आगीतही ज्या बाई बोलल्या नाहीत, त्या आत्ता काय बोलणार? त्या नियमानेच जाणार. गोळी विरघळणार, हात वर होणार, त्या आधी चव सांगणार, मग खरखर सांगणार, मग रुमालाने ओठ टिपून म्हणणार, साहेब, तुम्ही भले गृहस्थ आहात. या 'भले गृहस्थ'ची त्याला फार भीती वाटली. त्याने पाटी वाचली. चावू नये. चोखू नये. अक्षरे पेंटरने सुबक काढली होती. त्याने बशीतल्या गोळ्या बोटाने एका रांगेत लावल्या, मग रांग मोडली. मग धीर करून त्याने वर पाहिले. पॅकिंगबाई आता भिंतीकडे पाहत नव्हत्या. त्या त्याच्याकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या ओठांचा एक कोपरा, पाटीवरच्या शेवटच्या ओळीशी झगडत, किंचित थरथरत होता.

कुर्र असा आवाज झाला.

आवाज लहानसा होता, आणि कसला ते त्याला आधी कळलेच नाही. त्याने आजवर केलेल्या कुठल्याच गोळीने कधी आवाज केला नव्हता. त्या दाताखाली आल्या तरी मुकाट मरायच्या. ही एवढीच काय ती कडक. पुन्हा एकदा कुर्र झाले, मग कुडकुड, आणि पॅकिंगबाईंनी उजवा हात वर केला.

"हे काय केलंत?" तो म्हणाला.

"चावली."

"चावली?"

"चावली. चांगली दोनदा चावली." पेला उचलून त्या घटाघट पाणी प्यायल्या. "मग काय करू? बोलू नये असं तुम्हीच रंगवून ठेवलंय. आणि मला बोलायचं होतं."

"पण बाई, तुम्ही... तेव्हा घंटा वाजत होती तरीसुद्धा..."

"तेव्हा नुसती आगच लागली होती हो." त्यांनी पेला ठेवला. "हो म्हणायला एवढा वेळ लागत नाही, भरावसाहेब. वेळ तुमची गोळी लावत होती. किती कडक केलीत मेली!"

"तुमच्यासाठीच केली," तो म्हणाला. "पट्टीत भुगा होऊ नये म्हणून."

पॅकिंगबाईंनी बशीतली एक गोळी उचलली, टेबलावर टकटक वाजवली, बोटांत फिरवून तिच्या सगळ्या कडा पाहिल्या. "ऐकलंत म्हणजे माझं," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग त्या हसल्या, पाटीखाली बसून, तोंडावर हात न धरता, खुर्ची हलेपर्यंत. त्यालाही काहीतरी बोलायचे होते, बरेच बोलायचे होते, पण घशात काटा उभा राहिला, आईच्या घशात राहायचा तसाच. तेव्हा त्याने बशीतली एक गोळी घेतली आणि आपल्याच जिभेवर ठेवून तोंड मिटून घेतले. डोळ्यांतून पाणी आलेच.

बाईंनी ते पाहिले. त्यांनी हात लांब करून घड्याळ आपल्याकडे ओढले, शून्यावर आणले आणि बटण दाबले. "हां, आता तुम्ही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "मान हलवायची नाही. हसायचंही नाही. आता मी बोलते." बाहेरून स्टोअरकीपरने पुन्हा दार ठोठावले. "जरा दम धरा, साहेब चाखतायत," बाईंनी त्याला सुनावले आणि खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, मुलीकडे मी जाणार, पण कायमची नाही. तिचं बाळंतपण जवळ आलंय, दोन-तीन महिने मला जावंच लागेल, तेव्हा रुसून बसायचं नाही. रोज फोन करायचा, पण गोळ्यांबद्दल बोलायचं नाही. तुमच्या आईंना सांगा, मला झाडं फार आवडतात, पण कुंडी मी रोज उकरून बघणार. आणि ही गोळी नापास आहे, तिचा दाब उद्या कमी करा. मी पट्टीचं बघते, मागचा कागद बदलू, दाबायच्याऐवजी सोलून काढायचा करू. ते मला मागेच सुचलं होतं. पण सांगितलं असतं तर मग जिना कशाला चढायचा, म्हणून बोलले नाही."

त्याच्या जिभेवर थंडावा पसरत होता, आणि पाणी अजून गोळीच्या दाराशीच होते. पॅकिंगबाई बोलत होत्या, आता घराच्या दोन चाव्यांबद्दल, आता सकाळी कोण आधी उठणार याबद्दल, मध्येच आपल्या पहिल्या संसाराबद्दल दोन वाक्ये आणि लगेच परत चाव्यांवर. भुरभुरे केस त्या कानामागे सारत होत्या आणि ते पुन्हा सुटत होते. तो ताठ बसून, मान न हलवता, सगळे ऐकत होता. आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मनापासून वाटत होते, की ही गोळी विरघळू नये.